ग्राहकांची अमानत सांभाळणारी पेटी : घरच्या घरी सर्व्हर जोडताना सामानाची निवड

रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळात फोटो स्टुडिओत निगेटिव्हची पाकिटे नंबर टाकून लाकडी कपाटात ठेवलेली असत. दहा वर्षांनी कोणी येऊन म्हणाले, ‘भाई, अब्बांचा तो फोटो मोठा करून द्या’, की रजिस्टर उघडायचे, नंबर शोधायचा आणि पाकीट काढायचे. आज ते कपाट गेले. त्याच्या जागी टेबलाच्या खणात पाच-सहा पोर्टेबल हार्ड डिस्क असतात, त्यांवर चिकटपट्टी लावून ‘मे-जून’, ‘जुने’, ‘व्हिडिओ २’ असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातली एक हातातून निसटून फरशीवर पडली, की एका सीझनचे निकाह आणि वलीमे गेले. आणि निकाह पुन्हा लावून फोटो काढता येत नाहीत.

ही अडचण केवळ स्टुडिओवाल्यांची नाही. हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीची आडत करणाऱ्याला आता वह्यांबरोबर संगणकातील हिशेबही सांभाळावा लागतो. जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. सेवा केंद्र चालवणाऱ्याकडे लोकांचे आधार, सातबारा, दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात. मशिदी-दर्ग्यांच्या विश्वस्तांचे तर विचारूच नका. ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि माहिती चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा निजामकाळातील मुंतखब शोधताना मुतवल्ली मंडळींची किती धावपळ झाली, हे वाचकांना सांगायला नको. जे कागद त्या वेळी कसेबसे स्कॅन झाले, ते आज कोणाच्या तरी मोबाईलमध्ये नाही तर पेन ड्राइव्हमध्ये आहेत.

या सर्वांवर एक उपाय आहे व तो फार खर्चाचा नाही. एक साधा संगणक घ्यायचा, त्यात मोठ्या हार्ड डिस्क बसवायच्या, तो दुकानातील बाकीच्या संगणकांना तारेने जोडायचा आणि सगळ्यांनी आपापल्या फायली त्या एकाच ठिकाणी ठेवायच्या. इंग्रजीच्या आद्याक्षरांवरून याला ‘नास’ किंवा ‘एनएएस’ म्हणतात, आपण त्याला साठवण-पेटी म्हणू. तयार पेट्याही बाजारात मिळतात व त्या वाईट नाहीत. परंतु त्यात आपण त्या कंपनीच्या मर्जीवर राहतो. सिनॉलॉजी या नामांकित कंपनीने २०२५ साली आपल्या नव्या ‘प्लस’ पेट्यांत स्वतःच्या किंवा स्वतः मान्य केलेल्याच डिस्क चालतील असे धोरण आणले. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावे लागले. हिंगोलीत बसून अशा पेटीचा बोर्ड जळाला तर दुरुस्तीला कोठे पाठवणार, हा प्रश्न वेगळाच. घरी जोडलेल्या पेटीतला प्रत्येक भाग नांदेडला मिळतो आणि नांदेडला नाही मिळाला तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये नक्की मिळतो.

इंटरनेटवर भाड्याने जागा का घेऊ नये, असे कोणी विचारील. थोड्या कागदांसाठी जरूर घ्यावी. पण लग्नाच्या एका कामाचा माल २०० जीबी धरला आणि वर चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला, तर तो माल चढायला सलग २२ तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. दुसरे कारण आपल्या वाचकांना अधिक पटेल. जनानखान्यातील फोटो कोणत्या घरातले, कोणी पाहायचे आणि कोणी नाही, याची जबाबदारी स्टुडिओवाल्यावर असते. ते फोटो ही अमानत आहे. आपल्या पेटीत त्यांचे वेगळे फोल्डर करून त्याला वेगळा पासवर्ड लावता येतो आणि ती पेटी आपल्या कुलपात राहते. घरातील मोठ्या माणसांना हे समजावून सांगितले, तर कामही वाढते.

आधी गरज मोजा

सामान घ्यायला निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक कच्ची फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. दोन हजार फोटो काढले तर ५० ते ६० जीबी झाले. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतला तर तासाला ४५ जीबी लागतात. तीन तासांचे चित्रण म्हणजे १३५ जीबी. दोन्ही मिळून एका लग्नाचे पावणेदोनशे ते दोनशे जीबी. सीझनमध्ये तीस लग्ने केली तर ६ टीबी. (४ टीबीची डिस्क संगणकात ३.६३ दिसते. दुकानदाराने फसवले असे समजू नये, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

आडतीवाल्याचे, सेवा केंद्राचे किंवा मशिदीच्या कागदांचे गणित याच्या विसाव्या हिश्श्यातही बसत नाही. त्यांनी १ किंवा २ टीबीच्या पुढे पैसे घालू नयेत. उगाच मोठी पेटी घेऊन तीत सिनेमे भरण्यात अर्थ नाही.

संगणक जुना चालेल

या पेटीला वेगवान प्रोसेसर लागत नाही. तिचे काम फाइल घेणे आणि फाइल देणे एवढेच. म्हणून येथे पैसे वाचवावेत, आणि सध्या ते वाचवण्याची चांगली संधी आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मदत बंद केली आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे संगणक विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे बँका आणि मोठ्या कार्यालयांतून असे संगणक बाजारात येत आहेत. विंडोजला ते नकोसे झाले असले तरी आपल्या पेटीवर लिनक्स चालणार आहे व त्याला ते उत्तम चालतात. चौथ्या ते सातव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५ आणि ८ जीबी रॅम एवढे पुष्कळ झाले. २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव जोरात चढले. तेव्हा रॅम आतच बसवलेली आहे असा जुना संगणक घेणे हे नवीन बोर्ड आणि नवीन रॅम घेण्यापेक्षा शहाणपणाचे.

मात्र जुना घेताना झाकण उघडून पाहावे. कार्यालयांतून येणारे पुष्कळसे संगणक आडव्या, चपट्या कॅबिनेटचे असतात. त्यांत मोठी, म्हणजे साडेतीन इंची डिस्क एकच बसते. आपल्याला उभे कॅबिनेट पाहिजे, ज्यात अशा दोन डिस्क बसतील आणि बोर्डावर निदान तीन साटा जोडण्या असतील. दोन मोठ्या डिस्कसाठी आणि एक छोट्या एसएसडीसाठी, जिच्यावर लिनक्स राहील. पेन ड्राइव्हवर लिनक्स चालवण्याचा सल्ला काही लोक देतात. तो मानू नये, पेन ड्राइव्ह सततच्या लिखाणाने लवकर मरतो.

ब्रँडेड संगणकाचा एसएमपीएस बऱ्याचदा त्या कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा असतो, बाजारातला साधा त्याला लागत नाही. म्हणून तोच एसएमपीएस वेगळा मिळतो का, हे आधी विचारून ठेवावे. दुसऱ्या डिस्कला वीज देण्यासाठी साटाची पट्टी कमी पडली तर दुकानदार जुन्या चार पिनेच्या जोडणीवरून साटा करणारी तार देतो. या तारांत एक प्रकार असा असतो की तिचे प्लास्टिकचे टोक तारांभोवती एकसंध ओतलेले असते. त्यात आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळल्याचे, जळाल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. दाबून बसवलेल्या, उघडून दिसणाऱ्या टोकाची तार घ्यावी. किंमत दहा-वीस रुपयांनी जास्त पडेल. आणि जुन्या बोर्डावरचा गोल, नाण्यासारखा सेल घेतल्याबरोबर बदलून टाकावा.

छोटे, हातात मावणारे मिनी संगणक वीज कमी खातात हे खरे. पण त्यांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही, ती यूएसबीने बाहेर लटकवावी लागते. यूएसबीची पिन सैल झाली की लिहिता लिहिता डिस्क गायब होते. जेथे अमानत ठेवायची तेथे हा धोका घेऊ नये. विजेचा हिशेब पाहा : दोन डिस्कसह जुना संगणक ४५ वॅटच्या आसपास घेतो. दिवसरात्र चालला तर महिन्याला ३२ युनिट, दुकानाच्या वेळेपुरता बारा तास चालला तर १६ युनिट. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. दुकानदाराने रात्री पेटी बंद करावी, हेच बरे.

खरा पैसा डिस्कवर

वर वाचवलेले पैसे येथे घालायचे. माझ्या मते शंभर रुपयांपैकी साठ रुपये तरी डिस्कवर जावेत. कारण संगणक जळाला तर दुसरा येतो. डिस्क गेली तर तिच्यातले परत येत नाही, आणि आले तरी माहिती काढून देणारे जे पैसे मागतात त्यात नवी पेटी होते.

साडेतीन इंची डिस्क दोन पद्धतीच्या असतात. एकीत माहितीच्या रेघा शेजारी शेजारी, मोकळ्या लिहिलेल्या असतात. तिला सीएमआर म्हणतात. दुसरीत जागा वाचवण्यासाठी रेघा एकमेकींवर चढवलेल्या असतात, आपल्या कौलारू घराच्या कौलांसारख्या. ती एसएमआर. कौलारू छपराचे खालचे कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात. तसेच एसएमआर डिस्कमध्ये मधली एक फाइल बदलली की तिला शेजारचे पुष्कळ पुन्हा लिहावे लागते. एकदा भरून कपाटात ठेवायला ती चालते. परंतु रोजच्या वापराच्या पेटीत, विशेषतः दोन डिस्कची जोडी बांधली असेल आणि एक बदलायची वेळ आली, तर ती रखडते. पाकिटावर हे लिहिलेले नसते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीला मान्य करावे लागले, की खास साठवण-पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तिच्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव आले. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ सीएमआर आहेत. त्याच कंपनीच्या स्वस्त ‘बाराकुडा’मध्ये २, ४ आणि ८ टीबीच्या चालू मॉडेलांत एसएमआर असते. तेव्हा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात पाहावे, दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नये. त्यालाही बहुधा माहीत नसते.

आता अडचण अशी, की हिंगोली, कळमनुरी किंवा सेनगावच्या दुकानात ‘आयर्नवुल्फ’ किंवा ‘रेड प्लस’ मागितली तर दुकानदार तोंडाकडे पाहतो. मागवून देईन म्हणतो. पण सीसीटीव्ही कॅमेरे बसवणाऱ्याच्या दुकानात ‘पर्पल’ किंवा ‘स्कायहॉक’ डिस्क हमखास पडलेली असते, कारण प्रत्येक दुकानात, प्रत्येक शाळेत कॅमेरे लागले आहेत. या डिस्क आपल्या कामाला चालतात का? चालतात. त्या दिवसरात्र फिरण्यासाठी बनवलेल्या, बहुतेक सीएमआर पद्धतीच्या आणि साधारण तीन वर्षांच्या हमीच्या असतात. कॅमेऱ्याचे चित्र न थांबता लिहिण्यासाठी त्यांत जी खास सोय असते ती कॅमेऱ्याच्या यंत्राने मागितली तरच वापरली जाते. आपल्या पेटीत त्या साध्या डिस्कप्रमाणे वागतात. गावात मिळणारी, गावातच हमीत बदलून मिणारी डिस्क ही दूरच्या चांगल्या डिस्कपेक्षा कधी कधी जास्त कामाची, असे माझे मत आहे. फक्त हमी आपल्या देशात लागू आहे ना, हे सीरियल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क काढू, असा विचार काही कारागीर करतात. अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर असतात आणि काही कंपन्यांच्या बोर्डावर यूएसबीची पिन थेट डाख दिलेली असते. आत साटा जोडणी मिळतच नाही. तो उद्योग करू नये.

जुन्या डिस्कबद्दल तर कानाला खडा. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाइझे या प्रकाशनाने एक प्रकार उघडकीस आणला : हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क, आतला तासांचा आकडा शून्य करून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कमध्येच दुसरीकडे राहिलेल्या नोंदीवरून, म्हणजे ‘फार्म’ या नावाच्या नोंदवहीतून, ते पकडले गेले. म्हणजे युरोपात, बिलाने घेणाऱ्यालाही हे झाले. मग बिलाशिवाय विकणाऱ्याचे काय? घेतल्याबरोबर संगणकाला लावून ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ किंवा लिनक्समधील ‘स्मार्टसीटीएल’ने तपासावे. एकूण किती तास चालली, किती खराब जागा बदलल्या (५ नंबरची नोंद) आणि किती जागा संशयित आहेत (१९७ नंबरची नोंद), हे तीन आकडे पाहावेत. शेवटचे दोन शून्यच पाहिजेत. आणि ‘१६ टीबी’ लिहिलेली बोटाएवढी डिस्क मोबाईलच्या कव्हरच्या भावात मिळते, तिच्याबद्दल लिहून जागा घालवत नाही.

डिस्क किती टिकते? अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचा हिशेब जाहीर करते. तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क आहेत आणि २०२४ मध्ये त्यांपैकी शेकडा १.५७ या प्रमाणात बिघडल्या. पण त्या थंड, स्थिर विजेच्या इमारतीत आहेत. आपल्याकडच्या मे महिन्याचा हिशेब वेगळा.

वीज, उष्णता आणि उंदीर

डिस्क सोडली तर आपल्या भागात पेटीला सर्वात जास्त मारते ती वीज. वीज जाण्याने तितके नुकसान होत नाही, जितके ती जाऊन-येऊन झटके देण्याने होते. म्हणून यूपीएस ही चैन नाही. ६०० व्हीएचा, बाजारात सर्रास मिळणारा यूपीएस ५०-६० वॅटच्या पेटीला पंधरा-वीस मिनिटे चालवतो. तेवढ्यात पेटी नीट बंद झाली पाहिजे. पण ती बंद करणार कोण? तुम्ही नमाजला गेलेले असता. यासाठी यूपीएसला मागे यूएसबीची जागा पाहिजे, जिच्यातून तो संगणकाला ‘वीज गेली’ असे कळवतो आणि संगणक आपोआप बंद होतो. स्वस्त यूपीएसला ती नसते, आणि दुकानदार सांगत नाही. पाठ फिरवून पाहावे. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा.

घरी इन्व्हर्टर आहे, त्यावरच लावू, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात : इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का, आणि त्याचे बटण ‘यूपीएस’वर आहे का. दोन्ही असेल तर अडचण नाही, पण आपोआप बंद होण्याची सोय त्यात नसते.

अर्थिंग मात्र कोणीच पाहत नाही. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असे समजावे. पुष्कळ जुन्या घरांत आणि गाळ्यांत तीन पिनेचा प्लग असतो, पण तिसरी तार कोठेच गेलेली नसते. डिस्क घेण्यापूर्वी वायरमन बोलावून ते करून घ्यावे, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की प्लग आणि नेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. वीज नेटच्या तारेतूनही आत येते.

उष्णतेचे म्हणाल तर बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ४५ च्या वर जाऊ न देणे चांगले. बाहेरच ४२ अंश असताना हे सोपे नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, डिस्कसमोर, एक १२ सेंटिमीटरचा पंखा लावला की फरक पडतो. तो दोन डिस्कच्या मध्ये हवा खेळेल असा लावावा. पेटी कूलरच्या झोतात ठेवू नये, ती दमट हवा लोखंडाला आणि जोडण्यांना खाते. मोंढ्यात गाळा असेल तर हळदीची पिवळी धूळ पंख्यात बसते. महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा, मात्र पंखा बोटाने धरून. मागच्या उघड्या पट्ट्या बंद कराव्यात. धान्याच्या शेजारी ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये उंदीर घर करतो, तारा कुरतडतो.

तार आणि स्विच

एवढे सगळे करून पेटी संथ चालते, अशी तक्रार येते. तेव्हा दोष बहुधा तारेत असतो. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे १०० जीबी पंधरा मिनिटांत. जुन्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्यालाच अडीच तास लागतात. दोन्ही स्विच दिसायला सारखेच आणि भावात फरक थोडा, म्हणून खोक्यावर ‘गिगाबिट’ वाचूनच घ्यावा. तार कॅट-६ आणि शुद्ध तांब्याची पाहिजे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार कॅमेऱ्यांच्या कामात स्वस्त म्हणून खूप वापरली जाते. ती वाकवली की तुटते. टोक चाकूने खरवडून पाहिले तर आत पांढरे दिसते. आणखी एक : कॅमेरा बसवणारे कारागीर आठांपैकी चारच तारा पिनेत बसवतात, कारण कॅमेऱ्याला तेवढ्या पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. हे एवढे शिकून घेतले तर कॅमेरे बसवणाऱ्या आपल्या मुलांना हा एक नवा जोडधंदा आहे. क्रिम्पिंगचे हत्यार आणि गिऱ्हाईक दोन्ही त्यांच्याकडे आधीच आहे.

जोडी की प्रत?

दोन डिस्क बसवल्या की बहुतेक लोक ‘रेड’ करतात. (वर आलेल्या डिस्कच्या नावाशी याचा संबंध नाही. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी १९८८ साली मांडलेली ही पद्धत आहे.) जोडीच्या रेडमध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी एकच गोष्ट लिहिली जाते. एक मेली तर दुसरी काम चालू ठेवते. ऐकायला छान. पण हाताखालच्या मुलाने चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणीखोर व्हायरस आला तर दोन्ही एकदमच कुलूपबंद होतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांनाच गाठले. तेव्हा आपली पेटी बाहेरून उघडेल असा मार्ग राउटरमध्ये कधीही करू नये.

म्हणून दोनच डिस्कचे पैसे असतील, तर माझा सल्ला रेड करू नका असा आहे. पहिल्या डिस्कवर काम करावे, आणि रोज दुकान बंद करताना दुसरीवर प्रत घ्यावी. दिवसा दुसरी कोणाला दिसू नये. ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ हे मोफत लिनक्स यासाठी पुरेसे आहे. चोरीची विंडोज घालण्याची गरज नाही, हे हलालही आहे आणि स्वस्तही. प्रत घेताना पुसलेल्या फायली दुसरीकडून लगेच काढू नयेत, अशी सोय त्यात लावता येते. ती लावावी. स्टुडिओत एका तासाचाही खोळंबा परवडत नसेल आणि तिसरी डिस्क घेण्याची ऐपत असेल, तर मात्र दोघींची जोडी आणि तिसरीवर प्रत.

छायाचित्रकार मंडळींना माहीत असावे, की जगभर सांगितला जाणारा ‘तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी’ हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारानेच लोकप्रिय केला. त्यातली दुसऱ्या जागेची प्रत आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. खणात पडलेल्या त्या पोर्टेबल डिस्क येथे कामाला येतात. एकीवर दर जुम्याला प्रत घ्यावी आणि ती भावाच्या किंवा सासऱ्यांच्या घरी ठेवावी, दुसऱ्या मोहल्ल्यात. आग, चोरी आणि तळमजल्यात घुसणारे पावसाचे पाणी या तिन्हींवर एवढा एकच उपाय आहे. दोन मोठ्या डिस्कही एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच दिवशी बनलेल्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडण्याचा संभव असतो.

पैसे आणि क्रम

मोबाईल कंपन्यांप्रमाणे संगणकवालेही ‘बिनव्याजी हप्ता’ देतात. त्यात प्रोसेसिंग फी असते, हप्ता चुकला तर दंड असतो आणि रोखीची सूट जाते. ज्यांना व्याजाच्या जवळही जायचे नाही, त्यांनी ही पेटी तुकड्यातुकड्याने घ्यावी. तिचा फायदाच तो आहे, तयार पेटी अशी घेता येत नाही. पहिल्यांदा अर्थिंग. मग जुना उभा संगणक, एसएसडी आणि यूपीएस. त्यानंतर एक चांगली डिस्क. या टप्प्यावर प्रतीचे काम जुन्या पोर्टेबल डिस्कवर भागवावे. महिना-दोन महिन्यांनी, दुसऱ्या दुकानातून, दुसरी डिस्क. स्विच आणि तार केव्हाही.

बोर्डाच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ असा पर्याय असतो, तो चालू करून ठेवावा. पेटी पलंगाखाली नाही तर वर फळीवर ठेवली असेल, तर हे विशेष उपयोगी. आणि प्रत्येक डिस्कचे पक्के बिल घ्यावे, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. त्या बिलाचा फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवावा, कारण हमीत बदलायची वेळ येते तेव्हा स्कॅन केलेले बिल बहुधा त्याच बंद पडलेल्या डिस्कमध्ये असते.